पाऱ्याच्या थेंबाने टिपलेले हृदयाचे ठोके

हट्टा परिसरात छातीत कळ आली की अजूनही पहिला उपाय म्हणजे ओवा आणि सोडा. गॅस असेल म्हणून माणूस रात्र काढतो आणि सकाळी दवाखान्यात येतो. छातीवर दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर इतका वेळ घालवू नये, लगेच ईसीजी काढावा. पहिली पट्टी ठीक आली आणि दुखणे थांबले नाही, तर ती थोड्या वेळाने पुन्हा काढावी लागते. हृदयाची वीज कागदावर उमटवणाऱ्या या पट्टीचा उगम ज्यांच्या कामात आहे, ते डॉक्टर नव्हते.

गॅब्रिएल लिपमन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४५ रोजी लक्झेंबर्गमध्ये झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब पॅरिसला आले. आवडेल तेवढेच वाचायचे, बाकीचे सोडून द्यायचे, ही त्यांची खोड. त्यामुळे शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत ते नापास झाले! तरीही सरकारने त्यांना जर्मनीत पाठवले. तिथे हायडेलबर्गला शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने यांनी त्यांना एक गंमत दाखवली. सौम्य आम्लात ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाला लोखंडी तार टेकवली की थेंब आकसायचा आणि तार काढली की पुन्हा पसरायचा.

इतरांसाठी हा खेळच होता. लिपमन यांना त्यात वीज दिसली. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो, कारण त्याचा पृष्ठभाग ताणलेल्या फुग्यासारखा आत ओढत असतो. पारा तर त्याहून जास्त ओढतो. त्याच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार जमले की ते एकमेकांना ढकलतात आणि ही ओढ सैलावते. प्रभार घटले की ती पुन्हा आवळते. म्हणजे व्होल्टेज बदलून थेंब हलवता येतो. उलट, थेंब किती हलला ते पाहून व्होल्टेजही मोजता येते. १८७३च्या सुमारास त्यांनी केसासारख्या बारीक काचनळीत पारा आणि आम्ल भरून नेमके असेच मापक तयार केले. व्होल्टचा हजारावा भागही त्यात कळत असे. छातीवर मिळणारी हृदयाची वीज साधारण तेवढीच असते.

१८८७मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी हे मापक माणसाच्या छातीला जोडले. हलत्या पाऱ्याची सावली फोटोच्या काचेवर पडत होती आणि ती काच खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्यावरून सरकत होती. माणसाचा पहिला ईसीजी निघाला तो असा. पण पारा जड, त्यामुळे लाटा बोथट उमटत. हॉलंडच्या आइंटहोव्हेन यांनी गणिताने त्या दुरुस्त केल्या आणि १८९५मध्ये त्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. आम्ही आजही तीच वापरतो. पुढे त्यांनी पारा सोडून तारेचे यंत्र बनवले आणि १९२४चे नोबेल त्यांना मिळाले.

लिपमन यांना नोबेल मिळाले होते १९०८मध्ये, पण रंगीत छायाचित्रणासाठी. त्या तंत्रातही काचेमागे आरसा म्हणून पाराच होता. सॉर्बोनमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मारी क्यूरी यांनी काम केले. युरेनियमच्या किरणांवरचा त्यांचा निबंध १८९८च्या एप्रिलमध्ये विज्ञान अकादमीपुढे मांडला तोही लिपमन यांनीच. माझ्या मते हे श्रेय त्यांना फार कमी दिले जाते.

कॅनडाहून परतताना १३ जुलै १९२१ रोजी बोटीवरच त्यांचे निधन झाले.

पाण्याच्या थेंबाबाबत मात्र अडचण होती. थोडे व्होल्टेज वाढवले की पाण्याचे विघटन होऊन बुडबुडे येतात. १९९३मध्ये फ्रान्सच्याच ब्रुनो बर्ज यांनी धातू आणि पाणी यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर दिला, तेव्हा ती सुटली. आता व्होल्टेज दिले की थेंब पसरतो, काढले की गोळा होतो. काही कॅमेऱ्यांत तेल आणि पाण्याचे भिंग असेच आकार बदलून फोकस करते. एका छोट्या पट्टीवर रक्ताचे थेंब हवे तिकडे सरकवून तपासण्याची उपकरणेही याच तत्त्वावर बनली आहेत.