इरावती कर्वेंच्या बर्लिनमधली जर्मन अक्षरे आज जर्मनांनाही का वाचता येत नाहीत? जाणून घ्या

शहागड : महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन शिकण्याची चर्चा गोदाकाठच्या गावांतही सुरू झाली. नव्याने शिकणाऱ्याची पहिली अडचण असते मुळाक्षरांची. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये शिकायला गेलेल्या एका मराठी तरुणीच्या वेळी हे काम आजच्यापेक्षा अवघड होते. ती तरुणी म्हणजे इरावती कर्वे.

कोण होत्या इरावतीबाई?

जन्म १५ डिसेंबर १९०५, तेव्हाच्या ब्रह्मदेशात. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. मुलीचे नाव ठेवले तिथल्या इरावती नदीवरून. सातव्या वर्षी ती पुण्यात हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. लग्न झाले महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. रसायनशास्त्रज्ञ दिनकररावांनी स्वतः जर्मनीत शिक्षण घेतले होते, त्यामुळे त्यांचा पाठिंबा होता. विरोध केला तो स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांनी. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेव्हा अक्षरे कशी होती?

आजच्या जर्मनमध्ये इंग्रजीचीच २६ अक्षरे आहेत. त्यात ए, ओ, यू यांच्यावर दोन ठिपके दिलेली तीन रूपे आणि ‘एस्-त्सेट’ नावाचा एक जोड-एस, एवढीच भर. उच्चार मात्र वेगळे. ‘फोक्सवागन’मध्ये सुरुवातीच्या ‘व्ही’चा फ होतो आणि मधल्या ‘डब्ल्यू’चा व. हे आठवडाभरात जमते.

१९२०च्या दशकात छापील अक्षरांचेच दोन प्रकार होते. विज्ञानाची पुस्तके बहुतेक साध्या रोमन वळणात, तर वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या ‘फ्राक्टुर’ या टोकदार, तुटक वळणात. हाताने लिहायची लिपी त्याहून निराळी. तिला ‘कुरेंट’ म्हणत. लुडविग झ्युटरलीन या चित्रकाराने तिचे सोपे रूप तयार केले आणि १९१५ पासून प्रशियाच्या शाळांत ते शिकवले जाऊ लागले. बर्लिन ही प्रशियाचीच राजधानी.

या लिपीत ‘ई’ हे अक्षर दोन उभ्या फटकाऱ्यांचे, म्हणजे आपल्या डोळ्याला ‘एन’सारखे दिसते. खरा ‘एन’ आणि ‘यू’ही तसेच, म्हणून ‘यू’च्या डोक्यावर एक कमान काढायची. लांब ‘एस’ पाहून ‘एफ’ वाटावा. आजचे ते दोन ठिपकेही मुळात अक्षरावर लिहिलेला छोटासा ‘ई’. त्याचे दोन फटकारे झिजत झिजत ठिपके झाले. शहागडमधल्या एखाद्या घरातले मोडीतले खरेदीखत आज नातवाला लागत नाही, तशीच गत जर्मन नातवंडांची आजोबांच्या पत्रांपुढे होते. भाषा घरचीच असते, वळण मात्र अनोळखी.

कवट्यांचे काम

बर्लिनमध्ये इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची उजवी बाजू पुढे मोठी असते आणि म्हणून ते अधिक बुद्धिमान, असा त्यांचा कयास. तो तपासायचे काम या विद्यार्थिनीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि कवटीचा असमतोल यांचा संबंध दिसला नाही, आणि तिने तसेच लिहिले. परक्या देशात, कर्ज काढून गेलेली, पदवी गुरूच्याच हातात. तरीही निष्कर्ष बदलला नाही. गुण कमी मिळाले, पण १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. नाझी राजवटीने वंशाचा शिक्का माणसांवर मारलाच, पुढे अक्षरांवरही मारला. ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या आदेशावरून मार्टिन बोरमान यांच्या सहीचे परिपत्रक निघाले : टोकदार छपाईचे वळण मुळात ज्यूंचे आहे, ते बंद करा. ऐतिहासिकदृष्ट्या हे धादांत खोटे होते. आधी तेच वळण अस्सल जर्मन म्हणून मिरवले गेले होते, हा त्यातला विनोद. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ते वाचता येत नव्हते, ही व्यवहारी अडचणही होतीच. त्याच वर्षी शाळांतून जुने हस्ताक्षरही गेले. युद्ध संपले, राजवट संपली, पण ते फारसे परतले नाही.

त्या सुमारास इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या. मोजपट्टी घेऊन त्या पुढे महाराष्ट्रभर आणि देशभर फिरल्या, नातेसंबंधांवर लिहिले, पंढरीची वारी केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो ‘युगान्त’मुळे, कवट्यांवरचा तो प्रबंध मात्र जर्मनमध्ये आहे.