खताच्या पैशातून आकाशातली वीज शोधणारा माणूस : क्रिस्टियन बिर्कलंड

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडताना, हवेतल्या नत्रापासून हे खत कारखान्यात पहिल्यांदा कोणी बनवलं, हा विचार सहसा मनात येत नाही. ते बनवलं नॉर्वेच्या क्रिस्टियन बिर्कलंड यांनी. पण त्यांचं खरं वेड खत नव्हतंच. त्यांना शोधायचा होता आकाशातला उजेड.

बिर्कलंड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ चा, आज ज्याला ऑस्लो म्हणतात त्या शहरातला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिवाळ्याच्या रात्री आकाशात हिरवे-लाल पडदे हलताना दिसतात. त्याला अरोरा म्हणतात. हा उजेड येतो कुठून? हे पाहायला १८९९ मध्ये ते हाल्डे नावाच्या सुमारे ९०० मीटर उंच डोंगरावर जाऊन राहिले. वारा असा की उभं राहणं मुश्किल. त्या मोहिमेत बर्फाचा कडा कोसळून त्यांचा एक तरुण सहकारी दगावला. तरी १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी उत्तर ध्रुवाकडच्या भागात चार ठिकाणी माणसं बसवून मोजमाप घेतलं.

प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या पेटीतली हवा काढून आत चुंबक असलेला गोळा ठेवला. ही त्यांची छोटी पृथ्वी. तिच्यावर विजेचे कण सोडले, तर दोन्ही ध्रुवांभोवती चमकती कडी उमटली! त्यावरून त्यांनी सांगितलं : सूर्याकडून वीजभारित कण येतात, आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून, खांबावरून तार खाली यावी तसा विजेचा प्रवाह ध्रुवांकडे उतरतो.

पण संशोधनाला पैसा कुठून आणायचा? त्यांनी बारुदाविना चालणारी विजेची तोफ बनवली. १९०३ मध्ये लोकांसमोर ती उडवायला गेले, तर मोठा आवाज होऊन नुसताच जाळ झाला. मात्र विजेच्या अशाच जाळाचा उपयोग निघाला. हवेतून असा जाळ सोडला की नत्र आणि प्राणवायू एकत्र येतात. त्यातून आम्ल बनतं आणि चुनखडीशी मिळून खत. अभियंता साम आयडे यांच्यासोबत १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. त्या कमाईतून बिर्कलंड यांनी आपलं संशोधन चालवलं.

नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं नाही. लग्न टिकलं नाही. झोप लागेना म्हणून औषधं सुरू झाली. पुढे इजिप्तमध्ये आकाश पाहत राहिले. महायुद्धाच्या काळात जपानमार्गे घरी निघाले, पण १५ जून १९१७ रोजी टोकियोतल्या हॉटेलात मृतावस्थेत सापडले. झोपेचं औषध प्रमाणाबाहेर घेतलं गेलं होतं. वय अवघं ४९.

त्यांच्यामागे त्यांचं म्हणणंही बाजूला पडलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांच्या मते हे प्रवाह वातावरणातच आडवे फिरत होते. जमिनीवरच्या मोजमापातून कोण बरोबर ते ठरत नव्हतं. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन मात्र बिर्कलंड यांच्या बाजूने उभे राहिले.

निकाल लावला उपग्रहांनी. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकी उपग्रहांना वरून खाली येणारे तेच प्रवाह सापडले. १९७६ मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाला तर काही हजार किलोमीटर उंचीवर विद्युतक्षेत्राचे अरुंद, जोरदार पट्टे दिसले. उतारावर पाण्याला वेग यावा, तसे तिथे कण वेग घेतात आणि खाली विरळ हवेवर आदळून तिला उजळवतात.

हा नुसता शोभेचा उजेड नाही. मार्च १९८९ मध्ये सूर्याच्या वादळामुळे आकाशातले प्रवाह वाढले आणि कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सुमारे ९ तास वीज गेली. म्हणून आज या प्रवाहांवर उपग्रहांची नजर असते. शास्त्रज्ञ त्यांना ‘बिर्कलंड प्रवाह’ म्हणतात.

हयातीत ज्यांचं पटलं नाही, त्यांचा चेहरा पुढे नॉर्वेने २०० क्रोनरच्या नोटेवर छापला.