कंदिलाच्या उजेडात शोधलेले औषध

आठवडेच्या आठवडे न हटणारा ताप, खंगत जाणारे शरीर, रक्त कमी आणि डाव्या बरगड्यांखाली वाढलेली पाणथरी. शंभर वर्षांपूर्वी बंगाल-आसामात असा रुग्ण आला की डॉक्टर आधी मलेरिया समजून क्विनीन देत. ताप मात्र उतरत नसे. हा काळा आजार. औषधाविना बहुतेक रुग्ण दगावत.

या रोगाशी झुंजणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ साली बिहारमधील जमालपूरचा. पदवी गणितात घेतली, पण पुढे ते वैद्यकाकडे वळले. १९०५ पासून ते कोलकात्याच्या कॅम्पबेल या सरकारी रुग्णालयात शिकवू लागले.

काळ्या आजाराचा परजीवी १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी दाखवून दिला होता. त्यामुळे निदान पक्के करता येऊ लागले, पण उपाय अवघड होता. अँटिमनीची तेव्हाची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि त्यांचा त्रासही मोठा. ब्रह्मचारींनी कमी घातक संयुग शोधायला घेतले. प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. तिथे ना वीज, ना नळ. रात्री कंदिलावर काम चाले. १९२० मध्ये त्यांना युरिया स्टिबामाइन मिळाले. काही आठवड्यांत रुग्ण बरे होऊ लागले. आसामात हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि असंख्य जीव वाचले.

यशानंतरही त्यांची नजर रुग्णावरच राहिली. १९२२ मध्ये त्यांनी नोंदवले, की बऱ्या झालेल्या काहींच्या त्वचेवर पुढे चट्टे आणि गाठी उठतात आणि त्यांत तोच परजीवी असतो. हे चट्टे कुष्ठरोगासारखे दिसतात, म्हणून आजही चकवतात. शिवाय सँडफ्लाय ही बारीक माशी अशा रुग्णाला चावून रोग पुढे नेऊ शकते.

१९२९ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण पुरस्कार मिळाला नाही. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज बोटातल्या थेंबभर रक्तावर या रोगाची चाचणी होते आणि औषधेही अधिक सुरक्षित आहेत. पण चाचणी करायची आठवण आधी व्हावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल आणि तुम्ही बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेशात राहून आला असाल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते आधी सांगा.