देवीची लस देणारा पाळकपुत्र : डॉ. एडवर्ड जेन्नर

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्याला व्हॅक्सिन डेपो ठाऊक नाही असे सहसा होत नाही. गर्द झाडीचे ते मोठे आवार आज अनेकांना सकाळी फिरावयास जाण्याची जागा म्हणूनच परिचित आहे. परंतु एके काळी येथे देवीची लस तयार होत असे व त्यावरूनच आवाराला हे नाव पडले. आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांच्या दंडावर जे गोल वण दिसतात ते देवीच्या लशीचेच. ही लस जगाला देणारे डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे चरित्र आम्ही या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात बर्कली या गावी झाला. वडील तेथील पाळक होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच आईबाप दोघेही वारले आणि थोरल्या भावाने त्याचा सांभाळ केला. आठव्या वर्षी त्याला त्या काळच्या रीतीप्रमाणे देवी टोचण्यात आल्या. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाला टोचावयाचा, अशी ती रीत. त्याने रोग बहुधा सौम्य येई, पण काही जण दगावत व शेजाऱ्यांनाही लागण होई. टोचण्यापूर्वी एडवर्डला अर्धपोटी ठेवून त्याचे रक्त काढण्यात आले आणि नंतर इतर मुलांबरोबर तबेल्यात ठेवण्यात आले. ते हाल तो जन्मभर विसरला नाही.

पुढे १७७० साली लंडनला जाऊन त्याने जॉन हंटर या थोर शल्यवैद्याच्या हाताखाली शिक्षण घेतले. लंडनात नाव मिळविण्याची संधी असतानाही तो आपल्या खेड्यात परतला व तेथेच वैद्यकी करू लागला.

गायीच्या सडांवर येणाऱ्या फोडांची लागण ज्यांच्या हातांना होते त्यांना देवी येत नाहीत, असे त्या भागातील शेतकरी म्हणत. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ सालीच आपल्या बायकोला व दोन मुलांना ती लस टोचली होती. जेन्नरांनी मात्र या लोकवार्तेची पद्धतशीर पारख केली. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या मुलीच्या हातावरील फोडातून लस घेऊन त्यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, ती टोचली. जुलैमध्ये त्याला खऱ्या देवी टोचून पाहिल्या. रोग झाला नाही. आज कोणत्याही डॉक्टरला मुलावर असा प्रयोग करता येणार नाही, आणि येऊही नये. म्हणून जेन्नरांचे नाव घेताना त्या गरीब मुलाचे ऋणही आपण मानले पाहिजे.

१७९८ साली जेन्नरांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. टीका पुष्कळ झाली. जनावराचा अंश माणसाच्या अंगात घालणे हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असे काही धर्मोपदेशकही म्हणाले. उलट लंडनच्या सरे चॅपलचे उपदेशक रोलंड हिल यांनी स्वतःच्या हाताने हजारो लोकांना लस टोचली. दोघेही एकाच शास्त्राचे वाचक. परंतु एकाला भीती दिसली, तर दुसऱ्याला शेजाऱ्याचे मूल दिसले.

जेन्नरांनी आपला शोध गुपित ठेवून पैसा केला नाही. लस मागेल त्याला ते पाठवीत आणि आपल्या बागेतील लहानशा झोपडीत गोरगरिबांना विनामूल्य टोचीत. ती लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी प्रवास करीत बगदाद व बसऱ्यामार्गे मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली आणि तिच्यापासून पुढे देशभर गेली. टिळकवाडीतील डेपो हा त्याच साखळीतील एक दुवा.

परंतु दुसऱ्यांची लेकरे वाचविणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर वाचविता आले नाही. १८१० साली थोरला मुलगा क्षयाने गेला व १८१५ साली पत्नी कॅथरीनही त्याच रोगाने गेली. क्षयावर त्यांच्यापाशी काही उपाय नव्हता. तरी त्यांनी लस टोचण्याचे काम सोडले नाही. २६ जानेवारी १८२३ रोजी ते वारले. ज्या मंदिरात वडिलांनी सेवा केली, त्याच मंदिरात त्यांना मूठमाती देण्यात आली.

भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. ज्या क्षयापुढे जेन्नर हतबल झाले, त्याच्या तीव्र प्रकारांपासून तान्ह्या मुलांचे रक्षण करणारी बी.सी.जी. लस आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला व पोलिओ यांच्याही लसी मिळतात. तरी एखादे मूल आळसाने किंवा ऐकीव भीतीने राहून जाते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, वर्गातील मुलांच्या धाकट्या भावंडांचे लसीचे कार्ड पुरे झाले आहे काय, एवढे त्यांच्या घरी सहज विचारावे. एका बापाला जे आपल्या मुलासाठी मिळाले नाही, ते आपल्या दाराशी आले आहे. ते घेणे व शेजाऱ्यापर्यंत पोहोचविणे हीही प्रभूची सेवाच होय.