विश्लेषण : युद्धकैद्यांच्या छावणीत पक्ष्यांचे संगीत रचणारे ओलिव्हिए मेसियां कोण होते? त्यांच्या रचनेत देवगिरीचे ताल कसे पोहोचले?

डोंगर, दऱ्या, पाणथळी आणि पक्षी यांच्यावर आधारलेले संगीत रचणारे अनेक संगीतकार आज जगभर आहेत. मोजक्या वादकांसाठी लिहिलेल्या अशा आधुनिक रचनांचा विषय निघाला की एक नाव हमखास येते, ते म्हणजे फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियां (१९०८-१९९२). जर्मन छावणीत कैदी असताना त्यांनी रचलेल्या चौकडीत पक्षी गातात आणि त्याच चौकडीत तेराव्या शतकातील देवगिरीच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ग्रंथातले तालही आहेत. मेसियां यांचा हा प्रवास कसा झाला, याविषयी...

चेंबर संगीत म्हणजे काय?

पाश्चात्त्य अभिजात संगीतात दोन ते आठ-दहा वादकांनी मिळून वाजवायच्या रचनांना चेंबर संगीत म्हणतात. ‘चेंबर’ म्हणजे दालन. मोठ्या सभागृहात शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा वाजवतो, तेव्हा एकच स्वरावली अनेक जण मिळून वाजवतात आणि समोर संचालक उभा असतो. चेंबर संगीतात बहुधा संचालक नसतो. प्रत्येकाची स्वरावली स्वतंत्र असते आणि एकाने चूक केली तर ती लपत नाही. पक्ष्याची एक शीळ, पानांची सळसळ, दोन आवाजांमधली शांतता अशा बारीक गोष्टी ऐकवायला हा प्रकार सोयीचा ठरतो.

मेसियां यांचे बालपण कसे होते?

मेसियां यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे झाला. आई सेसिल सोव्हाज कवयित्री होती. मुलगा पोटात असतानाच तिने त्याच्यासाठी कविता लिहिल्या होत्या. वडील पिएर इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी शेक्सपिअरचा फ्रेंच अनुवाद केला. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेल्यावर आई मुलांना घेऊन आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोबल येथे राहिली. दोफिने प्रांतातील हे बर्फाच्छादित डोंगर मेसियां यांच्या मनात कायमचे बसले. पुढे त्यांनी त्याच भागात तळ्याकाठी घर घेतले आणि उन्हाळ्यात तेथे बसून आपल्या बहुतेक मोठ्या रचना लिहिल्या.

वयाच्या अकराव्या वर्षी ते पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हेटॉरमध्ये दाखल झाले. तेथे पॉल द्युका हे त्यांचे रचनेचे शिक्षक होते. पक्ष्यांचे ऐका, असे द्युका विद्यार्थ्यांना सांगत. मेसियां यांनी तो सल्ला अक्षरशः पाळला. १९३१ मध्ये ते पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे साठहून अधिक वर्षे त्यांनी ही सेवा केली. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या मेसियां यांच्या दृष्टीने निसर्ग ही ईश्वराची निर्मिती होती आणि पक्षी हे तिच्यातले सर्वांत थोर गायक.

छावणीतली चौकडी कशी जन्मली?

दुसऱ्या महायुद्धात मेसियां फ्रेंच सैन्यात होते. १९४० च्या जूनमध्ये जर्मनांनी त्यांना पकडले. त्याच कैद्यांत व्हायोलिनसारखेच पण आकाराने मोठे असलेले चेलो वाजवणारे एतिएन पास्किए आणि क्लॅरिनेटवादक आंरी आकोका होते. आकोकांकडे त्यांचे वाद्य होते. नान्सी शहराजवळच्या उघड्या मैदानात कैद्यांना ठेवले असताना आकोका मेसियां यांची एक नवी रचना वाचून वाजवू लागले. एकट्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेल्या त्या रचनेचे नाव होते ‘आबिम देझ्वाझो’, म्हणजे ‘पक्ष्यांची दरी’. येथे दरी म्हणजे काळ, त्याचा थकवा आणि उदासी. पक्षी म्हणजे या सगळ्याच्या उलट असलेला उजेड आणि आनंद.

पुढे सर्वांची रवानगी गर्लित्झ येथील ‘स्टालाग आठ-ए’ या छावणीत झाली. तेथे झां ल बुलेर हे व्हायोलिनवादक भेटले. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो असा हा अनवट मेळ. पण छावणीत जे होते त्यातूनच रचना करायची होती. कैद्यांनी पैसे जमवले आणि पास्किए यांच्यासाठी गावातून चेलो आणला गेला. पियानो मोडकळीला आलेला होता. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल या जर्मन पहारेकऱ्याने मेसियां यांना कागद-पेन्सिली पुरवल्या आणि लिहायला निवांतपणा मिळवून दिला.

१५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या २७ क्रमांकाच्या बराकीत ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ ही आठ भागांची रचना पहिल्यांदा वाजली. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात एक देवदूत आता काळ उरणार नाही असे जाहीर करतो. त्यावरून हे नाव आले. कधी सुटका होईल हे माहीत नसलेल्या माणसांसमोर काळ संपण्याचे संगीत वाजत होते. समोर शेतकरी, कामगार, पुरोहित, डॉक्टर असे नाना थरांतले कैदी होते आणि पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी.

या मैफिलीभोवतीच्या दंतकथा कितपत खऱ्या?

त्या रात्री पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियां नंतर सांगत. पण बराकीत इतकी माणसे मावणेच शक्य नव्हते. श्रोते काहीशेच होते. चेलोला चारही तारा होत्या, असे खुद्द तो वाजवणाऱ्या पास्किए यांनी पुढे स्पष्ट केले. या तपशिलांनी रचनेचे मोल कमी होत नाही. उलट चारही वादकांच्या पुढच्या वाटा पाहिल्या तर खरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. मेसियां आणि पास्किए यांची काही आठवड्यांतच सुटका झाली. त्यासाठी लागणारी खोटी कागदपत्रे बनवायलाही ब्र्यूल यांनी मदत केली. ज्यू असलेल्या आकोकांनी त्याच वर्षी धावत्या गाडीतून उडी मारून, क्लॅरिनेट काखेत घेऊन पळ काढला. ल बुलेर यांनी युद्धानंतर व्हायोलिन सोडले आणि ते अभिनेते झाले.

देवगिरीचे ताल फ्रान्सला कसे पोहोचले?

चौकडीच्या पहिल्या भागात पहाटे तीन-चारच्या सुमाराचे रान आहे. क्लॅरिनेट कस्तूर पक्ष्याच्या आणि व्हायोलिन नाइटिंगेलच्या लकेरी घेते. त्याखाली पियानो संथपणे स्वरसमूह वाजवत राहतो. या पियानोचा ताल रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांना जोडून तयार केला आहे.

हे ताल येतात ते शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातून. शार्ङ्गदेवांचे घराणे मूळ काश्मीरचे. पण ते स्वतः तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी अधिकारी होते. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. त्यांच्या ग्रंथात १२० देशी तालांची यादी आहे. ती एका फ्रेंच संगीत विश्वकोशातील भारतावरच्या लेखात छापली गेली आणि तेथे तरुण मेसियां यांच्या हाती लागली.

त्यांनी हे ताल गुरूपुढे बसून शिकले नव्हते, तर छापील कोष्टकातून उचलले होते. त्यामुळे आपल्याकडच्या अर्थाने त्यात ठेका नाही, आवर्तन नाही. त्यांना हवा होता तो लहान-मोठ्या कालखंडांचा अनियमित क्रम. चौकडीत पियानोचा ताल १७ कालखंडांचा आहे आणि स्वरसमूह २९ आहेत. दोन्ही चक्रे एकाच वेळी सुरू होतात, पण १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्याने ती पुन्हा एकत्र यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ ठोके लागतात. हा भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. थोडक्यात, ताल देवगिरीचा, पण सम येतच नाही! काळ संपला आहे हे श्रोत्याला जाणवावे यासाठीच ही योजना होती.

भारताशी असलेले हे नाते येथेच संपले नाही. १९४९ मध्ये बोस्टन येथे पहिल्यांदा वाजलेल्या त्यांच्या दहा भागांच्या सिंफनीचे नाव ‘तुरंगलीला’ आहे. तुरंग म्हणजे घोडा, म्हणजे धावणारा काळ. आणि लीला म्हणजे खेळ.

पक्ष्यांकडे ते पूर्णपणे कधी वळले?

युद्धानंतर मेसियां यांच्या घरी मोठे दुःख आले. पत्नी क्लेअर देल्बो या व्हायोलिनवादक व संगीतकार होत्या. एका शस्त्रक्रियेनंतर त्यांची स्मरणशक्ती ढासळत गेली. त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले आणि १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलगा पास्कल याला वाढवण्याची जबाबदारी मेसियां यांच्यावर आली. याच काळात त्यांच्या संगीतात पक्षी अधूनमधून येणारे पाहुणे राहिले नाहीत, घरातलेच झाले.

१९५२ मध्ये कॉन्झर्व्हेटॉरच्या बासरी परीक्षेसाठी त्यांनी ‘ल मेर्ल न्वार’ ही बासरी आणि पियानोची छोटी रचना केली. नावाचा अर्थ काळा कस्तूर. आवाजावरून पक्षी अचूक कसा ओळखायचा, हे ते झाक द्लामें या पक्षिशास्त्रज्ञाकडून शिकले. वही, पेन्सिल घेऊन पहाटेच्या अंधारात रानात जायचे आणि ऐकू येईल ते जागच्या जागी स्वरलिपीत उतरवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. अशा सुमारे दोनशे वह्या भरल्या.

१९५६ च्या ‘ओइझो एग्झोटिक’ या रचनेत परदेशी पक्षी आहेत. तिची सुरुवात आपल्याकडच्या डोंगरी मैनेच्या आवाजाने होते, श्यामाही त्यात आहे. हे पक्षी त्यांनी पिंजऱ्यांत आणि ध्वनिमुद्रणांतून ऐकले होते. पियानो, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांचाच हा मेळ आहे. त्यात एकही तंतुवाद्य नाही.

पक्ष्याचे गाणे वाद्यावर कसे आणतात?

पक्षी माणसाच्या वाद्यांपेक्षा फार वरच्या पट्टीत आणि फार वेगाने गातात. त्यांच्या दोन स्वरांमधले अंतर पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षाही कमी असू शकते. म्हणून मेसियां गाणे काही सप्तके खाली आणत, वेग कमी करत आणि स्वरांमधली अंतरे त्याच प्रमाणात वाढवत. आवाजाचा पोत दाखवण्यासाठी एका स्वराऐवजी अनेक स्वरांचा गुच्छ वापरत. म्हणूनच त्यांचे पक्षी ओळखू येत नाहीत, अशी तक्रारही होते. ती काही अंशी खरी आहे. हे ध्वनिमुद्रण नव्हे, हा अनुवाद आहे.

त्यांच्या पक्ष्यांमागे नेहमी जागा असते. ‘कातालोग द्वाझो’ (१९५६-५८) या पियानोवरच्या १३ रचनांच्या संग्रहात प्रत्येक पक्ष्यासोबत त्याचा प्रदेश, शेजारचे पक्षी आणि दिवसाची वेळ आहे. निळ्या कस्तूरासोबत भूमध्य समुद्राचे कडे आणि लाटा येतात. बोरूच्या बनातल्या वटवट्यावरची सर्वांत मोठी रचना सुमारे अर्ध्या तासाची आहे; तिच्यात मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनपर्यंतचे, म्हणजे २७ तासांचे तळे आहे. एक रचना हळद्यावर आहे. फ्रेंचमध्ये हळद्याला ‘लोरियो’ म्हणतात आणि हा संग्रह प्रथम वाजवणाऱ्या पियानोवादक होत्या इव्हॉन लोरियो. त्या मेसियां यांच्या विद्यार्थिनी. १९६१ मध्ये दोघांचा विवाह झाला.

दऱ्या आणि डोंगर संगीतात कसे आले?

अमेरिकेतील ॲलिस टली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त रचना मागितली. मेसियां यांनी शहरे सोडून युटा राज्यातील ब्राइस कॅन्यनची लाल-केशरी दरी निवडली. तेथे हिंडून त्यांनी खडकांचे रंग आणि पक्ष्यांचे आवाज टिपले. स्वर ऐकताना मेसियां यांना मनात रंग दिसत, त्यामुळे ही जागा त्यांच्यासाठी आयतीच स्वरलिपी होती. ‘फ्रॉम द कॅन्यन्स टू द स्टार्स’ ही रचना १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाजली. ऑर्केस्ट्रा लहान, तंतुवादक फक्त १३. मातीचा आवाज हवा म्हणून त्यांनी ‘जिओफोन’ हे छर्रे भरलेले ढोलासारखे वाद्य बनवून घेतले. युटातील पॅरोवन गावाजवळच्या एका डोंगराला पुढे मेसियां यांचेच नाव देण्यात आले.

२७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आल्प्समधल्या त्यांच्या लाडक्या घराजवळ त्यांची समाधी आहे. तिच्यावरचा दगड पक्ष्याच्या आकाराचा आहे.

आज त्यांचे महत्त्व काय?

पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन, यानिस झेनाकिस असे नामवंत संगीतकार त्यांचे विद्यार्थी होते. निसर्ग पाहून मनात काय उमटले ते स्वरांत मांडण्याची प्रथा जुनीच होती. मेसियां यांनी ती पुरेशी मानली नाही. आधी त्या जागी जाऊन, तास मोजून ऐकायचे आणि मग लिहायचे, ही शिस्त त्यांनी आणली. मैदानी नोंदी करून रचना करणारे आजचे अनेक संगीतकार याच वाटेने जातात.

दुसरे कारण दुःखद आहे. गेल्या काही दशकांत युरोपच्या शेतशिवारांतले पक्षी मोठ्या प्रमाणावर घटले आहेत. मेसियां यांनी १९५० च्या दशकात ज्या बांधांवर आणि तळ्यांकाठी एका पहाटेत वहीची पाने भरली, तेथे आज तितके आवाज मिळतीलच असे नाही. त्यांच्या वह्या शास्त्रीय गणना नव्हेत; पण कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणापाठोपाठ कोण गात होते, याची ती एका तयार कानाने केलेली नोंद आहे.

कुठून ऐकायला सुरुवात करावी?

‘ल मेर्ल न्वार’ सहाएक मिनिटांचे आहे, तिथून सुरुवात सोपी. त्यानंतर चौकडीतला पहिला भाग ऐकावा आणि मग एकट्या क्लॅरिनेटची ‘पक्ष्यांची दरी’. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर हरवतात, म्हणून हेडफोन लावावेत. पहिल्या भागात पियानोकडे लक्ष ठेवून सम शोधून पाहावी. ती सापडत नाही, आणि वर कस्तूर मात्र निवांत गात असतो.