हान्स लेडविंका

हान्स लेडविंका (१४ फेब्रुवारी, १८७८:क्लोस्टरनॉयबुर्ग, ऑस्ट्रिया - २ मार्च, १९६७:म्युनिक, जर्मनी) हे ऑस्ट्रियन मोटार अभियंते होते. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे मोटारीचे इंजिन आणि त्याला साजेशी मध्यनळीची चासी यांच्या विकासासाठी ते ओळखले जातात. त्यांची बहुतेक कारकीर्द मोराव्हियातील टाट्रा या कंपनीत गेली. या कंपनीचे नाव टाट्रा पर्वतरांगेवरून आले असून भारतातील टाटा उद्योगसमूहाशी तिचा संबंध नाही.

सुरुवातीची कारकीर्द

व्हिएन्नात तांत्रिक शिक्षण घेतल्यावर लेडविंका १८९७ मध्ये नेसल्सडोर्फ (आताचे कोप्रिव्हनित्से) येथील रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागले. हा कारखाना त्याच सुमारास मोटारींकडे वळत होता. प्रेझिडेंट या त्याच्या पहिल्या मोटारीच्या कामात तरुण लेडविंका सहभागी होते. १९०२ मध्ये ते वाफेच्या गाड्यांवर काम करण्यासाठी व्हिएन्नाला गेले, पण १९०५ मध्ये परतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ऑस्ट्रियातील श्टायर या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या मोटार विभागात गेले. तेथे त्यांनी मोठ्या मोटारी घडवल्या. लहान, स्वस्त मोटारीची त्यांची कल्पना मात्र कंपनीने स्वीकारली नाही. १९२१ मध्ये ते कोप्रिव्हनित्सेला परतले. तोवर हा प्रदेश चेकोस्लोव्हाकियात आला होता आणि कारखान्याची वाहने टाट्रा या नावाने विकली जात होती.

टाट्रा ११

१९२३ मध्ये आलेल्या टाट्रा ११ या मोटारीत लेडविंकांची कल्पना प्रत्यक्षात उतरली. तिच्या पुढच्या भागात समोरासमोर आडव्या बसवलेल्या दोन सिलिंडरांचे १,०५६ घन सेंमी क्षमतेचे इंजिन होते. त्याची शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती होती. सिलिंडरांच्या बाहेरील पातळ धातूपट्ट्यांमुळे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत असे आणि पंख्याचा झोत ती उष्णता वाहून नेत असे. रेडिएटर, पंप व पाण्याच्या नळ्या नसल्याने इंजिन हलके व स्वस्त झाले. मध्य युरोपातील हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाला तडे जाण्याची भीती उरली नाही आणि घाटात पाणी उकळण्याचा प्रश्नही मिटला. दोन्ही सिलिंडर बाजूंना पसरलेले असल्याने त्यांना हवा सारखी मिळे.

नेहमीच्या चौकटीऐवजी या मोटारीला एकच जाड पोकळ नळी कण्यासारखी होती. इंजिन व गिअरपेटी या नळीला जोडलेली होती आणि चाकांकडे शक्ती नेणारा दांडा तिच्या आतून जात असे. मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत असल्याने खराब रस्त्यांवर मोटार टिकाव धरी. याच घराण्यातील टाट्रा १२ मोटारींनी १९२५ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत आपल्या वर्गात यश मिळवले.

मागे बसवलेले इंजिन

१९३० च्या दशकात लेडविंका, त्यांचा मुलगा एरिश व अभियंते एरिश युबेलाकर यांनी इंजिन मागच्या बाजूस बसवण्याचे प्रयोग केले. व्ही ५७० या प्रायोगिक लहान मोटारीनंतर १९३४ मध्ये टाट्रा ७७ सादर झाली. पॉल यारे यांच्या वायुगतिकीय तत्त्वांवर तिचा निमुळता आकार बेतला होता. मागे बसवलेले सुमारे ३ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिनही हवेनेच थंड होई. समोरचा वारा तेथे थेट पोहोचत नसल्याने हवा पंख्यांनी खेळवावी लागे. वजन मागे एकवटल्याने वेगात वळण घेताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. पुढच्या टाट्रा ८७ चे वजन कमी करण्यात आले आणि तिने ताशी सुमारे १६० किमी वेग गाठला.

फोक्सवागनशी वाद

१९३६ मधील टाट्रा ९७ मोटारीत मागे बसवलेले, हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे आडवे इंजिन होते. त्याच काळात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयात फोक्सवागन आकार घेत होती आणि तिची रचनाही अशीच होती. पोर्शे व लेडविंका एकमेकांना ओळखत असत. फोक्सवागनचे इंजिन फ्रान्झ क्सावेर राइमश्पिस यांनी आखले होते. अशी इंजिने विमानांतही पूर्वीपासून होती आणि पोर्शे यांनीही त्यांवर काम केले होते. तरीही आपल्या पेटंटांचा भंग झाल्याचा दावा टाट्राने केला. १९३८ च्या म्युनिक करारानंतर कोप्रिव्हनित्से जर्मनीत गेले आणि दावा मागे पडला. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला आणि १९६० च्या दशकात फोक्सवागनने भरपाई देऊन तो मिटवला.

तुरुंगवास व अखेरची वर्षे

जर्मन अंमलात टाट्राचा कारखाना युद्धसाहित्य बनवत होता. युद्ध संपताच लेडविंकांना शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि चेकोस्लोव्हाकियात त्यांना शिक्षा झाली. १९५१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांची सुटका झाली. टाट्रात न परतता ते आधी ऑस्ट्रियात व नंतर म्युनिकमध्ये राहिले. तेथेच त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये, म्हणजे निधनानंतर २५ वर्षांनी, न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले.

वारसा

हवेने थंड होणारे आठ सिलिंडरांचे इंजिन टाट्राच्या मोटारींत १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकले. मध्यनळीची चासी व हवेने थंड होणारी डिझेल इंजिने कंपनीच्या मालमोटारींत पुढेही वापरात राहिली. टाट्राच्या तंत्रज्ञानावर आधारित अशा जड मालमोटारी भारतात बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीने बांधल्या व त्या भारतीय सेनादलांत वापरल्या जातात. एरिश लेडविंका यांनी वडिलांची मध्यनळीची रचना ऑस्ट्रियातील हाफलिंगर या डोंगराळ भागासाठीच्या वाहनात वापरली.