कागदाच्या भरवशावर

माझे आबा विजेच्या केबलींसाठी चर खणण्याच्या कामावर जातात. परवा त्यांनी भंगारात निघालेल्या एका जुन्या केबलीचा वीतभर तुकडा घरी आणला. वर शिशाचे कवच, आत तांबे आणि मध्ये काय, तर तेलकट कागदाचे थरावर थर! कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडू नये हे खरे. पण कागदाने वीज अडते कशी, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. ग्रंथालयात शोधता शोधता सेबास्टियन झियानी द फेरांटी भेटले.

यांचा जन्म १८६४ सालचा, लिव्हरपूलचा. वडील छायाचित्रकार, आई पियानोवादक. घराणे कलेचे आणि मुलगा यंत्रवेडा! वयाच्या २३ व्या वर्षी त्यांनी घाट घातला तो टेम्सकाठी डेप्टफर्डला वीज तयार करून सुमारे सात मैलांवर लंडनच्या मध्यवस्तीत नेण्याचा. दाब १०,००० व्होल्ट, म्हणजे तेव्हाच्या रिवाजाच्या कितीतरी पट. रबराच्या केबली त्यापुढे टिकेनात. मग फेरांटींनी स्वतःच केबल बनवली. तांब्याच्या नळीवर खनिज मेणात भिजवलेला तपकिरी कागद, त्यावर दुसरी तांब्याची नळी, पुन्हा कागद आणि वर लोखंडी नळी. कोरा कागद ओल धरतो आणि ओल आली की वीज फुटते. मेणाने ओलीची वाटच बंद केली. एकेक तुकडा अवघा २० फुटांचा, आणि केबली एकूण २८ मैल. मी आकडेमोड करून पाहिली, सात हजारांवर सांधे!

सरकारी अधिकारी धास्तावले. तेव्हा चालू केबलीत छिन्नी ठोकून दाखवण्यात आली. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली, त्यामुळे वीज तिकडून गेली आणि छिन्नी धरणाऱ्याला काही झाले नाही.

यश मात्र लगेच पदरात पडले नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये उपकेंद्राला आग लागली, ग्राहक तुटले, आणि १८९१ मध्ये फेरांटी त्या कंपनीतून बाहेर पडले. १९३० मध्ये झुरिचला त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही केबली १९३३ पर्यंत कामात होत्या. आता नव्या केबलींत कागदाची जागा प्लास्टिकने घेतली आहे.

हे सारे मी रात्री आबांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की छिन्नी धरली कोणी, फेरांटीसाहेबांनी की हाताखालच्या माणसाने? हाताखालच्या माणसाने, मी म्हणालो. आबा हसले आणि तो तुकडा त्यांनी पुन्हा फळीवर ठेवला.